सोर्स वाचणारा माणूस: केन थॉम्प्सन

[दृश्य: पीडीपी-७ चं जुनं छायाचित्र]

१९६९ चा उन्हाळा. मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या (संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीच्या) प्रकल्पातून बेल लॅब्ज या अमेरिकी टेलिफोन कंपनी एटी अँड टीच्या प्रयोगशाळेनं अंग काढून घेतलेलं. तिथले प्रोग्रामर केन थॉम्प्सन यांच्या हाती होता पीडीपी-७ हा एक जुना संगणक. पत्नी लहान मुलाला घेऊन कॅलिफोर्नियाला गेली, तेवढ्या तीन आठवड्यांत त्यांनी एडिटर, असेम्बलर (कोड मशीनच्या भाषेत बदलणारा) आणि कर्नल (प्रणालीचा गाभा) उभा केला. हीच पुढची युनिक्स प्रणाली.

१९७३ मध्ये कर्नल सी भाषेत आला. १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीमुळे एटी अँड टीला सॉफ्टवेअरचा धंदा करता येत नव्हता, म्हणून विद्यापीठांना युनिक्स नाममात्र शुल्कात मिळालं, तेही सोर्ससकट, म्हणजे माणसाला वाचता येणाऱ्या मूळ कोडसकट. सपोर्ट मात्र शून्य. काही अडलं तर कोड उघडायचा आणि आपलं आपण निस्तरायचं. अर्थात हे ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही वापरायला, बदलायला, वाटायला मोकळा कोड, नव्हे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्यानं तर वर्गात सोर्स शिकवायलाही मनाई केली.

 

[दृश्य: टर्मिनलवर सी कम्पायलरचा सोर्स]

पण सोर्स समोर आहे म्हणून निर्धास्त राहता येतं का? संगणकशास्त्रातल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात थॉम्प्सन यांनीच याला सुरुंग लावला. ते १९८४ मध्ये छापून आलं. कम्पायलर म्हणजे सोर्सचं मशीनला चालणाऱ्या बायनरीत रूपांतर करणारा प्रोग्राम. युक्ती अशी: त्याच्या सोर्समध्ये दोन तुकडे घालायचे. पहिला लॉगिनचा कोड ओळखतो आणि कम्पाइल करताना त्यात एक चोर-पासवर्ड घुसवतो. दुसरा खुद्द कम्पायलरचा सोर्स ओळखतो आणि नव्या बायनरीत दोन्ही तुकडे परत घालतो. एकदा कम्पाइल करून ही बायनरी बसवली, की सोर्समधून दोन्ही तुकडे पुसून टाकायचे. आता सोर्स ओळन् ओळ वाचला तरी काही सापडत नाही, आणि या बायनरीनं त्यातून बांधलेला प्रत्येक कम्पायलर बाधितच निघतो.

यावर संगणक-सुरक्षा संशोधक डेव्हिड व्हीलर यांनी २००५ मध्ये तपासणीची एक पद्धत मांडली. संशयित कम्पायलरचा सोर्स एका वेगळ्या, विश्वासू कम्पायलरनं बांधायचा. तयार झालेल्या कम्पायलरनं तोच सोर्स पुन्हा बांधायचा, आणि ही बायनरी संशयित बायनरीशी बिट-बिट जुळवायची. बायनरीत बांधणीची वेळ नोंदली जात असेल, तर फुकटचा फरक दिसतो; ती आधी काढावी लागते. आणि सोर्सच नसेल, तर ही तपासणी सुरूसुद्धा होत नाही.

१९९९ च्या एका मुलाखतीत थॉम्प्सन यांनी लिनक्स या ओपन सोर्स प्रणालीवर सडकून टीका केली होती: काही भाग चांगले, काही नाहीत. टीका झोंबणारी, पण कोड वाचून केलेली. बंद प्रणालीबद्दल बाहेरच्या कुणाला असं बोलताच येत नाही.

[दृश्य: रास्पबेरी पाय बोर्ड]

मार्च २०२३, पॅसाडेना. लिनक्स परिषदेत श्रोत्यांनी विचारलं, तुम्ही कोणती प्रणाली वापरता? कैक वर्षं ॲपल वापरलेल्या ऐंशी वर्षांच्या थॉम्प्सन यांनी सांगितलं, की ते सोडून आपण रास्पबियनकडे निघालोय. ही रास्पबेरी पाय या छोट्या संगणकासाठीची, डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारावर आधारलेली प्रणाली. सोर्सची रिपॉझिटरी (ऑनलाइन साठा) चालू केली, की ‘ॲप्ट सोर्स’ या आज्ञेनं पॅकेजचा कोड उतरवून घेता येतो. बोर्ड सुरू करणारं फर्मवेअर मात्र अजूनही बंद बायनरीच आहे.