मोफत उपचाराला येणारा खर्च

(धुळे इथे वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

आत येतानाच तुमच्यापैकी काहींनी मला गाठून विचारलं, की गरीब पेशंटकडे पैसाच नसतो, मग त्याच्यासाठी काढलेली कंपनी चालणार कशी? त्यावरच बोलतो. पण आधी गरीब माणूस आजारपणावर खर्च करत नाही हा समज मनातून काढा. जिथे उपचार मोफत आहे तिथेही त्याचा खर्च होतोच.

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरच्या आईचा हिशोब मांडून बघा. मुलाला सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार आहे. त्यावर रोज घ्यायची हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. ती आणायला डोंगर उतरून सडकेपर्यंत चालायचं, पुढे जीपचं भाडं. सोबतीला नवरा किंवा दीर, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. धाकटं पोर कोणाकडे ठेवायचं, हा घोर वेगळाच. एवढं करून पोहोचावं तर रक्त तपासणारा माणूस रजेवर, किंवा रिपोर्ट परवा मिळणार. परवा पुन्हा जीप, पुन्हा मजुरी. तिसऱ्या वेळी ती येत नाही आणि रजिस्टरमध्ये शेरा पडतो, ‘रुग्णाने उपचार सोडले’. तो शेरा वाचून मला संताप येतो. तिने सोडले नाहीत, तिला परवडले नाहीत.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. पेशंटच्या खेपा मोजा. तुमच्यामुळे त्याची एक खेप वाचत असेल तर तुमच्या कामाला अर्थ आहे. ॲप किती देखणं आहे, हे नंतर बघू.

सरकारने काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं धुळे होतं. तीच आजची महात्मा फुले जन आरोग्य योजना. भरती व्हावं लागलं, ऑपरेशन लागलं, तर तिचा मोठा आधार आहे. 1 जुलै 2023 ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी, असं त्याचं उद्दिष्ट आहे. एवढी तपासणी कुठली कंपनी करणार? आपली जागा रिपोर्ट हातात पडल्यानंतर सुरू होते. पुढची कित्येक वर्षं रोज कॅप्सूल घ्यायची असते, ठरावीक अंतराने रक्तपेशी मोजायच्या असतात, ताप आला की वेळ न घालवता डॉक्टर गाठायचा असतो. त्या वर्षांत पेशंटला धरून राहणारं कोणी नसतं.

आणि आपल्याकडे हा पेशंट एका जागी राहत नाही. निरोगी माणसाची तांबडी पेशी साधारण 120 दिवस टिकते, सिकलसेलमध्ये ती दहा-वीस दिवसांत संपते. वाकड्या झालेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. थंडी, अंगातलं पाणी कमी होणं आणि अतिश्रम, ही त्याची नेहमीची कारणं. आता दिवाळीनंतरचं चित्र बघा. नंदुरबार-धुळ्याच्या पाड्यांवरून कोयते निघतात, दक्षिण गुजरातेतल्या कारखान्यांच्या उसावर. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटेच्या गारठ्यात दवाने भिजलेल्या फडात उतरायचं, दिवसभर वाकून तोडायचं, प्यायला पाणी बेताचं, आणि रात्री गाडी लागली की मोळ्या भरायच्या. डॉक्टरांनी जे जे टाळायला सांगितलं, ते सगळं एका दिवसात घडतं. ‘हातपाय दुखतस’ म्हणून तो झोपडीत पडून राहतो तेव्हा त्याची फाइल धडगावला असते आणि तो बारडोलीकडे. होळीपर्यंत तो परतत नाही.

देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला. आज आभा क्रमांकावर, म्हणजे आरोग्याच्या नोंदींसाठी सरकार देतं त्या क्रमांकावर, आजाराची नोंद राज्याची हद्द ओलांडून जाऊ शकते. सोय आहे, तिला माणूस जोडायचं काम बाकी आहे. मोबाईल नंबरावर विसंबू नका. घरात एक फोन, तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात, रिचार्ज संपलं की नंबर बंद. पाड्यावरची आशाताई आणि तिकडे फडाजवळचा दवाखाना, या दोन टोकांमध्ये रोज बोलणारा आपला एक पावरी-अहिराणी जाणणारा कार्यकर्ता हवा. आणि पेशंट ऊसतोडीला निघण्याआधीच औषध पुरेसं बांधून द्यायला हवं.

मजुरांना आगाऊ पैसे, म्हणजे उचल, देऊन तोडीला नेणाऱ्या मुकादमाचा नंबर घ्यायचा मोह होईल. पत्ता विचारण्यापुरता घ्या, आजार त्याच्या कानावर जाऊ देऊ नका. कळलं तर तो उचल देणार नाही, आणि मग त्या घराने वर्ष काढायचं कशावर? तीच गोष्ट पाड्यावरची. सिकलसेलची वाहक, म्हणजे आईबापांपैकी एकाकडूनच तो दोष आलेली मुलगी एरवी धडधाकट असते. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता 25 टक्के, एवढंच तिला आणि तिच्या होणाऱ्या जोडीदाराला नीट समजावून सांगायचं. वाहकांची यादी चार लोकांत फिरली तर तिचं लग्न अडतं. 2023 चा डेटा संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी ही माहिती विकायची नाही. गुंतवणूकदाराने त्यासाठीच पैसे देऊ केले तर ते घेऊ नका.

आता पैसा कुठून येणार? मदुराईत 1976 मध्ये डॉ. वेंकटस्वामींनी अकरा खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. देऊ शकणाऱ्यांच्या पैशातून न देऊ शकणाऱ्यांची ऑपरेशनं होत गेली, आणि 1992 पासून डोळ्यात बसवायची भिंगं त्यांनी स्वतः स्वस्तात बनवली. आपल्याकडे हे जमेल असं मला ठामपणे वाटतं. यावल, रावेर, चोपडा बघा. खाली केळीचे बागायतदार, वर सातपुड्याच्या पायथ्याला तडवी आणि पावरा पाडे. तालुका एकच. बागायतदाराच्या घरी वडिलांना मधुमेह आहे, मुलं पुण्याला आहेत. घरी येऊन रक्त नेणाऱ्याला ते आनंदाने पैसे देतात. तीच मोटारसायकल पुढे पाड्यावर गेली की तिथला खर्च फक्त वरच्या पेट्रोलचा आणि रक्त भरायच्या नळीचा.

त्या नळीबद्दलही ऐका. जांभळ्या झाकणाची, बोटाएवढी. मे महिन्यात भुसावळकडे पारा 45 च्या आसपास जातो. तापलेल्या डिकीत नळी दुपारभर राहिली तर पेशींच्या आकड्यांवर भरवसा राहत नाही, आणि बर्फाला थेट टेकली तर पेशी फुटतात. त्यामुळे मध्ये कापड, थंड पेटी, पहाटेची फेरी, आणि नळीवर नाव जागेवरच, पेशंटसमोर लिहायचं. एका पाड्यात एकाच नावाच्या चार बाया असतात.

सरकारी कामाचं बिल उशिरा निघतं, त्यामुळे सहा महिन्यांचे पगार बाजूला ठेवल्याशिवाय माणसं नेमू नका. तुमचा पगार थांबला तर चालेल, पाड्यावर जाणाऱ्याचा थांबता कामा नये.

ज्यांना हे काम बघायचं आहे त्यांनी दिवाळीच्या आधी या. कोयते निघायच्या आत नोंदी, रक्त आणि औषधं पूर्ण करायची असतात, आणि त्या दिवसांत आम्हाला हात कमी पडतात.