काळ्या मातीचे दोन लाडू

नमस्कार श्रोतेहो. शेताकडे जाणारी पांदण असो की वस्तीतून बसथांब्याकडे जाणारी पायवाट, नागपूरच्या काळ्या मातीत तिचं दुखणं एकच. उन्हाळ्यात बोट जाईल अशा भेगा, आणि मृगाचं पाणी पडलं की चप्पल चिखलात राहते, पाय तेवढा वर येतो. वरून मुरूम टाकला तरी खालची माती भिजून फुगते, मऊ पडते आणि मुरूम गिळून टाकते. इलाज त्या मातीतच करायचा, चुन्यानं.

पटत नसेल तर दोन लाडू वळा. वाळलेली काळी माती बारीक करा, पाण्यात मळून एक लाडू करा. दुसऱ्यासाठी एक किलो मातीत 40 ग्रॅम विझवलेला चुना मिसळा, ओलसर करा, एक दिवस पिशवीत बांधून मुरू द्या आणि मग वळा. दोन्ही सात दिवस पिशवीत ठेवा, नंतर सावलीत वाळवा आणि दोन पेल्यांत अलगद पाण्यात सोडा. पहिल्या लाडवातून बुडबुडे सुटतात, कडेचे पापुद्रे गळतात, बघता बघता तळाशी नुसता गाळ उरतो. दुसरा जागचा हलत नाही, भोवतीचं पाणी नितळ. चावडीवर हा प्रयोग मांडला की माणसं पहिल्या पेल्याकडे बघतसुद्धा नाहीत. दुसऱ्यात बोट घालतात, लाडू दाबून बघतात, आणि कुणीतरी म्हणतंच, 'यात सिमेंट घातलंय!' सिमेंट नाही. चुन्यानं मातीच्या बारीक कणांचे गुच्छ होतात, फुगणं कमी होतं, आणि पुढे कित्येक आठवडे ती घट्ट होत जाते. पण त्यासाठी आधी मुरवा, मग ठोका.

आता वाट. काम फेब्रुवारी-मार्चमध्ये काढा. मे महिन्यात ओल टिकत नाही. गवत-मुळांची वरची माती काढा, खाली 15 सेंटिमीटर टिकासानं खणा, ढेकळं सुपारीएवढी फोडा. एक मीटर रुंद वाटेला मीटरमागे साधारण 9 किलो चुना लागतो. पोतं ताजं हवं. उघडा राहिलेला चुना हवेनं मरतो, आणि रांगोळीची भुकटी म्हणजे चुना नव्हे. पानाला चुना जास्त झाला तर जीभ भाजते, मग डोळ्याचं काय होईल! चष्मा, हातमोजे, तोंडाला रुमाल हवाच.

कोरडं मिसळा, पाणी शिंपडून पुन्हा मिसळा, झाकून 24 तास मुरू द्या. दुसऱ्या दिवशी माती भुसभुशीत होते. मुठीत दाबली की गोळा राहावा, मोडला की दोन तुकडे व्हावेत, तळहात ओला होऊ नये. याहून ओली असेल तर धुमसाखाली ती नुसती हलते, दबत नाही. दोन थरांत ठोका, मध्य कडेपेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर उंच ठेवा. सात दिवस ओली पोती, माणसं-गुरं बंद. शेवटी वर पाच सेंटिमीटर मुरूम, कारण चुन्याची माती पायांच्या घासण्यानं झिजते. पुन्हा सांगतो, आधी मुरवा, मग ठोका.

नागपुरातल्याच सेमिनरी हिल्स टेकडीसारख्या मुरमाड वाटांना मात्र हा इलाज लागू नाही. तिथं चिकणमातीच कमी, चुना धरणार कशाला? तिथं पाणी वळवणं हेच खरं काम.

आणि झाडांच्या बुंध्यापर्यंत सिमेंट भरायची जी सवय शहराला लागली आहे, ती मला बघवत नाही. मुळांनाही पाणी लागतं. चुन्याचा थरसुद्धा बुंध्यापासून मीटरभर दूर थांबवा.

पहिला मोठा पाऊस पडून गेला की वाटेवर चक्कर मारा. जिथं पाणी साचलेलं दिसेल, तिथली कडेची नाली तुंबलेली असते. ती आधी मोकळी करा.