मोतद्दाराला मराठी येत होतं

(ठाण्यातल्या एका वाचक मंडळाच्या मासिक सभेत दिलेलं व्याख्यान, थोडी काटछाट करून.)

नमस्कार. बसा, बसा. पुढच्या दोन रांगा रिकाम्या ठेवू नका, मी कोणाला उठवून सनावळी विचारणार नाही.

पत्रकावर विषय छापलाय, ‘माजी राष्ट्रप्रमुखाला कैदेत ठेवायचं कसं आणि कुठे?’ काल भाजी घेताना एकांनी मला गाठलं आणि हळूच विचारलं, “नेमकं कोणाला आत टाकताय?” म्हटलं, कोणालाच नाही हो. मी एकतीस वर्षं कोर्टात लघुलेखक होतो. दुसऱ्यांनी ठोठावलेल्या शिक्षा टाइप करायच्या, एवढाच माझा अधिकार. पण टाइप करताना एक गोष्ट खटकायची. निकालात किती वर्षं ते येतं, सक्तमजुरी की साधी ते येतं, दंड न भरल्यास आणखी किती तेही येतं. पण त्याच्या कोठडीबाहेर कोण उभा राहणार, ते मला कधी टाइप करावं लागलं नाही. साध्या आरोपीचं ठीक आहे. पण कालपर्यंत ज्याला सलाम ठोकला तोच माणूस बराकीत आला, तर त्या शिपायाने करायचं काय? सवयीने हात वर गेला तर मेमो, नाही गेला तर उद्या तो पुन्हा निवडून आला म्हणजे?

तर मी तीन प्रश्न घेणार आहे. पहारा कोणाचा, जागा कुठली, आणि भिंतीबाहेर कोण उभं आहे. साडेसातला हॉल सोडायचाय, नंतर इथे भजनी मंडळाची तालीम आहे. तेव्हा थोडक्यात आटोपतो. (हशा.) हसू नका, या वेळी खरंच आटोपतो.

ठाण्यात बसून हा विषय काढायचा तर सुरुवात आपल्या किल्ल्यापासूनच हवी. किल्ला म्हणजे जेल. १७३० मध्ये पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, धड पुरा व्हायच्या आत १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी. म्हणजे बांधकाम एकाचं, ताबा दुसऱ्याचा आणि राहायला तिसरा. ठाण्यातल्या फ्लॅटधारकांना हे नवीन नाही. तो किल्ला मला आतून बघायचाय, गेली चौदा वर्षं. बाहेरून भिंत पाहून पाहून पाठ झाली. शेवटी एका खिडकीवर अर्ज करायला गेलो. कुठली खिडकी ते विचारू नका. तिथल्या बाईंनी माझ्यापुढे छापील फॉर्म सरकवला. बंद्याचे नाव. बंद्याशी नाते. आता काय लिहिणार? लिहिलं, ‘त्रिंबकजी डेंगळे’. नात्याच्या रकान्यात लिहिलं, ‘ठाणेकर’.

बाईंनी चष्मा वर केला. “कधीपासून आत आहेत?”

“१८१५पासून.”

त्यांनी ते १५ एवढंच ऐकलं. “मग अजून जामीन नाही?”

“गरजच पडली नाही. पळून गेले.”

“अहो, मग इथे काय करताय? ते पोलीस स्टेशनला सांगा!”

रागावलो नाही मी. पद्धत बरोबरच होती त्यांची. पण परत येताना मासुंद्याच्या काठावर बसलो आणि वाटलं, पुण्याचा कारभारी ज्या गावातून निसटला त्या गावात त्याची साधी पाटी नाही. तक्रार नोंदवतो आणि पुढे जातो.

पुढे म्हणजे त्याच गोष्टीत. ती तुम्हांला माहीत आहे, तरी ऐका. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पेशव्यांकडे आले होते. १८१५च्या जुलैत पंढरपुरात त्यांचा खून झाला. पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन, त्याने बोट दाखवलं पेशव्यांच्या कारभाऱ्याकडे, म्हणजे डेंगळ्यांकडे. दुसऱ्या बाजीरावांनी बरेच दिवस टाळाटाळ केली, अखेर माणूस हवाली केला. इंग्रजांनी त्याला आणून ठेवला आपल्या ठाण्यात. मधल्या रांगेतल्या इतिहासवाल्यांच्या कपाळावरच्या आठ्या मला दिसतायत. डेंगळे राष्ट्रप्रमुख नव्हते, कबूल. पेशवेही नव्हते, छत्रपती साताऱ्याला होते, तेही कबूल. पण कैद कशी फसते हे शिकायचं तर डेंगळ्यांसारखा मास्तर नाही.

इंग्रजांनी विचार केला, एतद्देशीय शिपाई ठेवला तर तो फितूर होणार. म्हणून पहारा सगळा गोऱ्यांचा. कागदावर चोख बंदोबस्त. आणि तिथेच फसले. किल्ल्यातल्या एका अधिकाऱ्याकडे एक मराठा मोतद्दार होता. तो साहेबाचा घोडा फिरवायला काढायचा, नेमका डेंगळ्यांच्या खिडकीखालून, आणि गात जायचा. मी ते डोळ्यांसमोर आणतो. भाद्रपदातला उकाडा, खाडीवरचा दमट वारा, लाल डगल्यात घामाने भिजलेला तो सोजीर. खालून घोडा डुलत चाललाय आणि हा गडी लगाम धरून काहीतरी रेकतोय. सोजीर मनात म्हणत असेल, काय हा आवाज! आणि वर खिडकीत बसलेला माणूस एकेक शब्द टिपून घेतोय. झाडाखाली घोडा तयार आहे, माणसं दबा धरून आहेत. पुढे बिशप हेबरने त्या गाण्याचा इंग्रजी पद्यानुवाद आपल्या प्रवासवर्णनात दिलाय. घोडे पंचावन्न आहेत, स्वार चौपन्न आहेत, पंचावन्नावा चढला की दख्खनचं पुन्हा चांगभलं. मूळ मराठी ओळी हाताला लागत नाहीत याचं मला दुःख आहे. इंग्रजांना जे कळलं नाही ते इंग्रजीत उरलं आणि आपल्याला जे कळत होतं ते आपण हरवलं.

सप्टेंबर १८१६मध्ये पंचावन्नावा स्वार घोड्यावर चढला.

माझं एवढंच म्हणणं आहे मंडळी. वीस वर्षं मी हेच सांगत फिरतोय, घरात हा विषय काढायला मला बंदी आहे. तट किती फूट उंच, दाराला कुलपं किती, हे दुय्यम. पहारेकऱ्याला कैद्याची भाषा कळते की नाही, हे आधी विचारा. इंग्रजांनी यातून धडा घेतला, पण उलटा घेतला. पहारेकऱ्याला मराठी शिकवायच्या ऐवजी कैद्यालाच मराठीतून उचललं. १८१८मध्ये डेंगळे पुन्हा हाती लागले तेव्हा ठाण्याचं नाव कोणी काढलं नाही. थेट गंगेकाठी चुनारच्या किल्ल्यात. हेबरने त्यांना पाहिलं ते तिथेच, १८२४ साली. बाजीराव कानपूरजवळ ब्रह्मावर्तात, वर्षाला आठ लाख रुपये घेऊन. कंपनीला वाटलं, किती दिवस जगेल? पेशवे तेहतीस वर्षं जगले. समोरच्या पेन्शनर मंडळींनी टाळ्या वाजवायला हरकत नाही. साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज, हे तर तुमच्या व्याख्येतले राष्ट्रप्रमुख, १८३९मध्ये काशीला.

पुढे तर बदल्यांचं खातंच उघडलं. दिल्लीच्या बादशहाला रंगूनला नेला. बहादूरशहा तिथेच १८६२मध्ये गेला, आणि कबर मुद्दाम अशी केली की खूण राहू नये. आणि मंडालेच्या थिबा राजाला आणला कुठे, तर रत्नागिरीला! योगायोग बघा, रत्नागिरीत जन्मलेले टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात, आणि त्याच काळात मंडालेचा राजा रत्नागिरीत खाडीकडे बघत बसलेला. त्याचा राजवाडा १९१०च्या सुमारास तयार झाला, आपण सगळ्यांनी सहलीत पाहिलाय, तिकीट काढून. कैद पंचवीस वर्षांची झाल्यावर कैद्याला वाडा मिळाला. हेही आपल्याकडच्या पुनर्विकासासारखंच. पण भाषेचं काय झालं बघा. राजा १९१६मध्ये वारला, तिथेच पुरला. थोरल्या राजकन्येची मुलगी टूटू मात्र रत्नागिरीतच वाढली, संसार तिथेच केला, आणि बोलायची अस्सल मराठी. ज्या भाषेची भिंत करून राजाला आत ठेवला, ती भाषा नातीच्या तोंडी बसली.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ अरेच्चा. म्हणजे पत्रकात छापलेलं सगळं अजून पिशवीतच आहे. पळवतो.

पहारा. फ्रान्सचे सार्कोझी. ऑक्टोबर २०२५मध्ये पॅरिसच्या ला सांते तुरुंगात गेले, वीस दिवसांनी बाहेर आले. कोठडी नऊ-दहा चौरस मीटरची, म्हणजे आपल्याकडचं बऱ्यापैकी स्वयंपाकघर. पण शेजारच्या कोठडीत त्यांचे दोन अंगरक्षक, बाकीच्या कैद्यांपासून जपायला. तुरुंगाच्या कर्मचाऱ्यांना ते आवडलं नाही, आमच्यावर विश्वास नाही का म्हणाले. रास्त आहे. एकाच मजल्यावर दोन पहारे, एक कोंडणारा आणि एक राखणारा.

जागा. पेरूमध्ये माजी राष्ट्राध्यक्ष इतके आत जातात की लिमाजवळ पोलिसांच्या तळावर बार्बाडिलो नावाचा छोटा तुरुंग जवळजवळ त्यांच्यासाठीच आहे. फुजिमोरी, तोलेदो, उमाला, कास्तियो, सगळे तिथले. माजी अध्यक्षांची सोसायटीच, मेंटेनन्स कोण गोळा करतं कोणास ठाऊक. पाकिस्तानात मुशर्रफ यांच्या फार्महाऊसलाच २०१३मध्ये उपकारागृह ठरवलं. स्वतःच्या पलंगावर निजायचं आणि त्याला कोठडी म्हणायचं. लायबेरियाच्या चार्ल्स टेलरला पन्नास वर्षांची शिक्षा झाली. पश्चिम आफ्रिकेत ठेवणं धोक्याचं, म्हणून तो इंग्लंडात डरॅमच्या तुरुंगात. म्हणजे पुन्हा चुनार.

बाहेर कोण. ब्राझीलचे लुला ५८० दिवस कुरितिबाला पोलिसांच्या इमारतीत होते. खोली पंधरा चौरस मीटर, एकशेसाठ चौरस फूट, आपली चाळीतली खोली. बाहेर समर्थकांनी तळ ठोकला आणि रोज सकाळी मोठ्याने ओरडायचे, “सुप्रभात, अध्यक्ष लुला!” मोतद्दारच की हो! फक्त घोडा नाही आणि लपवाछपवी नाही. लुला पुन्हा अध्यक्ष झाले. दक्षिण आफ्रिकेत झुमांना २०२१मध्ये आत टाकलं तर दंगलींत तीनशेहून जास्त माणसं मेली. म्हणजे भिंत बाहेरच्यांनाही पुरली पाहिजे.

आपल्याकडे? राज्यघटनेचं ३६१वं कलम राष्ट्रपतींना अटकेपासून वाचवतं, पण पदावर असेपर्यंत. नंतर काही नाही. पण आपला क्रम उलटा, आधी तुरुंग आणि मग राष्ट्रपतिभवन. राजेंद्रबाबू बेचाळीसमध्ये आत गेले ते पंचेचाळीसला सुटले. माजी पंतप्रधानांचा मात्र अनुभव आहे. ३ ऑक्टोबर १९७७ला इंदिराबाईंना अटक केली, दिल्लीबाहेर बडखलकडे न्यायला निघाले आणि वाटेत रेल्वेचं फाटक बंद! बाई गाडीतून उतरून मोरीवर बसल्या. वकिलांनी विचारलं, दिल्लीबाहेर न्यायचा हुकूम आहे का? वरात परत. दुसऱ्या दिवशी सुटका. दिवा फाटकावर आयुष्य काढलेल्यांना मी वेगळं काय सांगू? जागा ठरवताना वाटेतलं फाटक बघून ठेवावं.

दुसरी चिठ्ठी. ही चिठ्ठी वेळेची नाही, प्रश्न आहे. ‘समजा वेळ आलीच, तर तुम्ही ठाण्यात ठेवाल का?’ ठेवीन. तटाला हात लावणार नाही, कुलपं आहेत तीच चालतील. फक्त खिडकीखाली जो शिपाई उभा करायचा त्याला कैद्याची बोली यायला हवी, आणि गाण्याचं थोडं अंग हवं. भाषा येऊन भागत नाही, पदात कुठला शब्द उगाच घुसडलाय हे त्याच्या कानाला लागलं पाहिजे.

पेटीवाले दारात खोळंबलेत. या, या हो, आत या. ही टेबलं तेवढी कोणीतरी भिंतीकडे घ्या. काय म्हणणार आहात आज? नाही, मी जात नाही इतक्यात. बसतो जरा इथेच, खिडकीशी.