अंदाज विदर्भाचा, थंडी मेळघाटची

(दृश्य : परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे चढणारा घाट. सकाळची कोवळी उन्हं.)

नोव्हेंबर संपत आला की हवामान विभाग डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांचा अंदाज जाहीर करतो. किमान तापमान सरासरीपेक्षा जास्त राहील, कमी राहील की सरासरीइतकं, यातल्या कशाची शक्यता अधिक, हे त्यात मुख्यतः असतं. दुसऱ्या दिवशी बातमीचा मथळा होतो, 'यंदा थंडी कमी'. तो वाचून मेळघाटात कुणी घोंगडी माळ्यावर टाकत नाही.

आणि बरोबरच आहे. तीन महिन्यांच्या नव्वद रात्रींतल्या ऐंशी ऊबदार गेल्या नि दहा कडाक्याच्या, तरी सरासरीचा अंदाज खरा ठरतो. पीक मात्र त्या दहांतल्या एका रात्रीत हातचं जातं.

(दृश्य : चिखलदऱ्याचं पठार, समोर गाविलगड.)

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,118 मीटर उंच. एक किलोमीटर वर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणून पायथ्याच्या परतवाड्यापेक्षा इथं गारवा जास्त. पर्यटकांना एवढा हिशेब पुरतो. दिवसा तो जमतोही. रात्री मात्र मेळघाट हा हिशेब उलटा करून दाखवतो.

आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडला, की जमीन दिवसभराची ऊब भराभर आकाशात सोडून देते. तिला लागून असलेली हवा गार होते. गार हवा जड, ती उतारावरून ओघळत खाली येते आणि सिपना नदीच्या खोऱ्यात साचून राहते. अशा पहाटे सेमाडोह, कोलकासकडची दरी वरच्या पठाराहूनही गार पडू शकते.

(दृश्य : दरीतलं गवत, अगदी जवळून.)

हे गवताचं पातं बघा. कडेला पांढरी, खरखरीत किनार आहे. बोट लावलं की तिचं पाणी होतं. हे गोठलेलं दव. आता गंमत अशी, की त्याच वेळी तापमापक चार-पाच अंश दाखवत असेल. कारण तो असतो पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच. हरभरा एवढा उंच वाढत नाही! पिकाची थंडी बातमीतल्या आकड्याच्या खाली असते, हे धरूनच चालायचं.

ही थंडी येते कुठून? भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी विक्षोभ, म्हणजे ढग-पाऊस घेऊन पूर्वेकडे सरकणारे कमी दाबाचे पट्टे, हिमालयावर बर्फ टाकत पुढे सरकतात. ते जवळ असताना इकडे ढग येतात आणि रात्री उबदार होतात. लोक म्हणतात, गेली थंडी. विक्षोभ पुढे गेला, आभाळ मोकळं झालं, की उत्तरेचे कोरडे वारे थेट खाली उतरतात. 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 अंशांवर आला होता, तो अशाच उत्तरेच्या वाऱ्यांनी. त्यामुळे अंदाजात 'ढगाळ' नंतर 'कोरडं हवामान' दिसलं, की त्यापुढच्या दोन-तीन रात्री सांभाळायच्या.

(दृश्य : मोथा परिसरातले स्ट्रॉबेरीचे वाफे.)

चिखलदऱ्याच्या कॉफीचं नाव मोठं, पण हिवाळ्याची खरी परीक्षा होते या वाफ्यांत. स्ट्रॉबेरीला रात्रीचा गारवा मानवतो, दव गोठलेलं चालत नाही. फूल वरून पांढरंशुभ्र दिसतं, पण मधला पिवळा भाग काळा पडलेला असतो. त्या फुलाला फळ धरत नाही. तुरीचं दुखणं वेगळं : धुवारी, म्हणजे दाट धुकं, पडली की फुलं गळतात. हरभऱ्यावर ढगाळ हवेत घाटेअळी वाढते. गव्हाला मात्र हीच थंडी हवी असते. एकाच शेतकऱ्याच्या दोन धुऱ्यांमध्ये, म्हणजे बांधांमध्ये, दोन वेगळ्या प्रार्थना चालू असतात, म्हणा ना.

उपाय जुनेच आहेत. संध्याकाळी हलकं पाणी द्यायचं, कारण ओली जमीन ऊब धरून ठेवते. पहाटे धुऱ्यावर ओलसर काडीकचरा पेटवून धूर करायचा. पण पाणी द्यायला लाइन, म्हणजे वीज, हवी, आणि पंपाला लागणाऱ्या थ्री फेजची पाळी पुष्कळदा रात्रीची. मोटार सुरू करायला कुडकुडत बांधावर जाणारा माणूस कुठल्याच तापमानाच्या तक्त्यात येत नाही.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला निघतो. पुढच्या पाच दिवसांचा, मराठीत. तिमाही अंदाजापेक्षा तो कितीतरी कामाचा. 'मेघदूत' अ‍ॅपवरही मिळतो. डिजिटल गाव म्हणून गाजलेलं हरिसाल याच मेळघाटातलं. तरी दरीतल्या कितीतरी गावांत सल्ला वाचायचा तर आधी रेंज शोधत टेकाड चढावं लागतं.

(दृश्य : वीटभट्टी. ताडपत्रीची पालं, बाहेर चूल.)

दिवाळीनंतर मेळघाटातली कितीतरी कोरकू आदिवासी कुटुंबं कामासाठी खाली मैदानात उतरतात. होळीला परततात. म्हणजे ज्या तीन महिन्यांचा हा अंदाज, ते तीन महिने ती आपल्या जाड मातीच्या भिंतींच्या घरांत नसतात. थंडीच्या लाटेच्या इशाऱ्यात लिहिलेलं असतं : उबदार कपडे घाला, शक्यतो घरात राहा, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना जपा. पालात राहणाऱ्या बाईने घरात राहायचं म्हणजे कुठं राहायचं? हा इशारा तिच्या मोबाइलवर येऊन उपयोग नाही. तो भट्टीच्या मालकापर्यंत आणि मुकादमापर्यंत जायला हवा, आणि त्याच दिवशी पालात जादा ताडपत्री, सरपण नि पांघरूण पोचायला हवं.