जवारी बोलली पाहिजे

मंडळी, विषय छापला आहे ‘तंतुवाद्यं : काल, आज आणि उद्या’. काल तुम्हाला ठाऊक आहे. मिरजेचं शिकलगार घराणं मूळचं शस्त्रांना धार लावणारं. ते काम आटलं आणि १८५०च्या सुमारास फरीदसाहेबांचे हात तंबोऱ्या-सतारीकडे वळले. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला, पुढे किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, गावाचं नाव झालं. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद आहेच. पण उद्याचं बोलायचं तर आधी जवारीचं बोलावं लागेल. जवारी म्हणजे घोडीचा, तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, घासून साधलेला उतार; त्यानं तार गुंजत राहते.

मागे एका संगीत मंडळात गायला गेलो होतो. मंडळ कोणतं ते विचारू नका, त्यांचे सभासद इथेही असतील! गवसणीतून तंबोऱ्यांची सुरेख जोडी निघाली. चिटणीस कौतुकानं म्हणाले, ‘बुवा, पॉलिश नवं केलंय.’ खरंच लखलखत होतं. मी तार छेडली, तर टक्‌! पुढे काही नाही. वाकून पाहिलं तर घोडीवर प्रत्येक तारेखाली नखाला लागेल एवढी खाच पडलेली. जवारी कधी काढली होती, असं विचारलं. म्हणाले, ‘घेताना काढलेलीच असेल की.’ त्या दिवशी जोडी शोभेला मागे आणि सूर यंत्राचा.

मी हट्टानं ती जोडी मिरजेला नेली. कारागिरानं नक्षीकडे पाहिलंदेखील नाही. तारा सैल करून बाजूला सारल्या, घोडीवर कानस फिरवली. किती? डोळ्यांना फरक दिसू नये इतकी. फुंकर मारून भुकटी उडवली, तार परत जागेवर घेतली, खाली सुताचा दोरा सारला, बोटानं केसभर पुढे, केसभर मागे. छेडलं, कान दिला, मान हलवली, पुन्हा तार बाजूला. जोडीची खर्जाची, म्हणजे खालच्या ‘सा’ची, पितळी तार सगळ्यात शेवटी वठली. संध्याकाळी खर्जातून स्वच्छ गंधार ऐकू यायला लागला, तेव्हा त्यांनी कानस खाली ठेवली.

आता ऐका, हे नुसतं भाविकपणाचं बोलणं नाही. तार जिथे छेडावी तिथे ज्या स्वरांशांचा, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या वरच्या स्वरांचा, स्थिरबिंदू असतो ते उमटू नयेत, असा भौतिकशास्त्राचा नियम. तंबोऱ्यात आणि वीणेत ते उमटतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१मध्ये दाखवून दिलं. कारण ही रुंद, किंचित उतरती घोडी. कंप पावताना तार तिला घासून जाते, टेकण्याची जागा सतत सरकते आणि वरचे स्वरांश जागे राहतात. त्या उतारात खाच पडली की सगळं मिटलं. म्हणजे वाद्य वापरलं की जवारी जाणारच, ती पुन्हा काढावी लागणारच.

आणि मंडळानं काय केलं? बिल पाहून म्हणाले, ‘नुसती कानस तर फिरवली!’ पॉलिशचे पैसे मुकाट्यानं दिले होते हो. दिसतं त्याला दाम द्यायचा आणि ऐकू येतं त्याच्यावर घासाघीस करायची, याचा मला मनापासून राग येतो. कारागिराचा मुलगा दुसरी नोकरी बघतो, त्याचं मूळ इथे आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं आहेत. तेव्हा ‘उद्या’ भरभर सांगतो. इलेक्ट्रॉनिक तंबोरा रियाजाला, प्रवासाला जरूर वापरा. मैफलीत तो शिरला, कारण आपण खरे तंबोरे मुके होऊ दिले. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेकाठच्या शेतातून. जाड सालीचा, खायचा नव्हे. शेतकऱ्याला त्यात परवडलं नाही तर तो ऊसच लावील, त्यामुळे भोपळ्याचा भावही वाद्यवाल्यांनी ठरवून द्यायला हवा. गाण्याच्या परीक्षांना रागांची माहिती विचारतात, तिथे बंद पडलेली जवारी ओळखायला लावा. विद्यार्थ्यानं दोरा तरी स्वतः सारावा; कानसीला मात्र हात लावू नये, ते कारागिराचंच काम.

आणि इथे ज्या संस्थांचे पदाधिकारी बसले आहेत, त्यांनी येत्या अंदाजपत्रकात जवारीचा स्वतंत्र खर्च धरावा. पॉलिशच्या रकान्यात नको, वेगळा धरा, आणि कारागीर सांगेल तो आकडा लिहा.