बाबांना सांगायचं का? स्वादुपिंडाचा कॅन्सर आणि घरातली कुजबुज

नमस्कार मंडळी. कॉमेंटमध्ये औषधापेक्षा जास्त विचारलं जातं ते हेच, "रिपोर्ट आला, बाबांना सांगायचं का?" म्हणून आज फक्त मनाचं बोलू.

शरीराचं झटपट उरकतो. स्वादुपिंड जठराच्या मागे असतं, पाचकरस आणि इन्सुलिन तयार करतं. गाठ डोक्याकडच्या भागात असली की पित्ताची वाट अडते, कावीळ होते. ऑपरेशन, किमो की स्टेंट (पित्ताची वाट मोकळी ठेवणारी नळी), ते डॉक्टर सांगतील. झालं.

आता खरा घोळ. मुलगा डॉक्टरांना दाराबाहेर गाठतो, "साहेब, त्यांच्यासमोर नाव नका काढू." अहो, तुम्ही त्यांना नागपुरात मानेवाडा रोडच्या तुकडोजी कॅन्सर रुग्णालयात नेता, नाही तर जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटला. दोन्हीकडे आजाराचं नाव पाटीवरच आहे! बाबांना वाचता येतं ना बाप्पा? त्यांना कळलेलं असतं. तुम्हाला त्रास नको म्हणून ते बोलत नाहीत, त्यांना त्रास नको म्हणून तुम्ही बोलत नाही.

औषधाच्या बाजूनं बघा. पाचकरस कमी पडला की शौच तेलकट, तरंगणारं होतं, वजन उतरतं. त्यावर एन्झाइमच्या कॅप्सूल असतात. पहिल्या घासासोबत घ्यायच्या, जेवण लांबलं तर काही मध्ये. जेवण झाल्यावर आठवण आली तर उपयोग कमी. ज्याला "साधं अपचन आहे" सांगितलंय, तो वाटीभर तर्री पोह्यांसाठी कॅप्सूल कशाला घेईल? मग पोट बिघडतं, तो खायला घाबरतो, आणि घरात "दोन घास तरी खा" वरून रोज भांडण. दुखण्याचंही तसंच. वरच्या पोटातून पाठीत जाणारी, आडवं झालं की वाढणारी कळ तो 'गॅस' म्हणून सोसतो. रात्रभर दुखलं की सकाळी मन कसं थाऱ्यावर राहील?

आणि लपवणाऱ्याचं काय? फाईल गादीखाली, फोन गच्चीवर, रडायचं ते बाथरूममध्ये. आजारी माणसाच्या आधी तोच कोलमडतो.

मग सांगायचं कसं? आधी सांगायचंच नाही, विचारायचं. "डॉक्टर काय म्हणाले, तुम्हाला काय वाटतं?" मग, "सगळं ऐकायचंय, की थोडं थोडं?" ते "मला नको सांगू, तूच बघ" म्हणाले तर तोही त्यांचा हक्क. पण निर्णय कुणी घ्यायचे ते त्यांच्याच तोंडून ठरवून घ्या. ऐकायचं असेल तर एक वाक्य बोला, "गाठ कॅन्सरची आहे." आणि गप्प बसा. लोक इथेच चुकतात. शांतता सहन होत नाही म्हणून लगेच, "पण घाबरू नका, सगळं ठीक होईल!" समोरच्याचा प्रश्न घशातच राहतो. पहिला प्रश्न त्यांना विचारू द्या.

"पॉझिटिव्ह राहा" लिहिणाऱ्यांनो, तुमचा जीव आहे, मान्य. पण त्या माणसाला वाटतं, आपण रडलो म्हणून गाठ वाढेल. रडण्यानं गाठ वाढत नाही.

रात्री दोन वाजता सीए १९-९ चा (या कॅन्सरमध्ये करतात त्या रक्ततपासणीचा) आकडा गुगल करणाऱ्यांनाही एक सांगतो. पित्त अडलं असेल तर हा आकडा त्यामुळेही चढतो. कावीळ उतरल्यावर परत तपासलेला आकडाच कामाचा.

दुःख आणि नैराश्य वेगळं ओळखायचं कसं? भूक, झोप, वजन यावरून ठरवू नका, ते आजारानंही जातं. नातू आला तरी चेहरा हलत नाही, "मी सगळ्यांवर ओझं झालोय" हेच सारखं तोंडी, आणि असं दोन आठवडे रोज चाललंय, तर कॅन्सरच्या डॉक्टरांकडेच मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी मागा. या कॅन्सरमध्ये नैराश्य बरंच दिसतं, कधी निदानाच्याही आधी. त्यावर गोळ्या आहेत, काहींनी झोप आणि भूकही सुधारते. जिवाचं काही बरंवाईट करण्याची भाषा आली तर दोन आठवडे मोजत बसू नका. माणसाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा, १४४१६ हा सरकारी नंबर २४ तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. घरच्यांनीही लावावा.

पुढच्या ओपीडीला जाताना कागदावर तीन प्रश्न लिहून न्या. बाबांचे, त्यांच्याच अक्षरात. आणि खुर्ची डॉक्टरांसमोर त्यांची लावा, तुमची बाजूला.