कुर्ता तोच, किंमत तीच, मग सेल्स टॅक्स एकीकडेच का?

नमस्कार मंडळी. इथे अमेरिकेत आपण सगळेच ऑनलाइन कपडे, दागिने, फराळ मागवतो, आणि काही जणी तर घरून विकतातही, म्हणून हा विषय घेतलाय. मला सारखं विचारतात की दोन वेबसाइटवर कुर्ता तोच, किंमत तीच, तरी एकीकडे चेकआउटला सेल्स टॅक्स लागतो आणि दुसरीकडे लागत नाही, असं का? आणि मग लगेच म्हणतात, तो न लावणारा बरा, पैसे वाचवतो आपले.

तर आधी हे दुसरं वाक्य डोक्यातून काढून टाका. टॅक्स माफ करणं दुकानदाराच्या हातातच नसतं. त्याने घेतला नाही तर तेवढीच रक्कम तुम्ही स्वतः आपल्या राज्याला भरायची असते, त्याला यूज टॅक्स म्हणतात, आणि हा नियम आजचा नाहीये, कित्येक दशकं जुना आहे. फक्त भरत कोणी नाही. म्हणजे खरा प्रश्न टॅक्स आहे की नाही हा नाहीच, तो गोळा कोणी करायचा हा आहे.

भारतातून आलेल्या माणसाला हे विचित्र वाटतं कारण तिकडे एमआरपीत सगळं आलेलं असतं. इथे देशाचा असा सेल्स टॅक्स नाही. 45 राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी आपापला लावतात, त्यावर काउंटी आणि शहरांचा वेगळा. ओरेगॉन, मॉन्टाना, डेलावेअर, न्यू हॅम्पशर आणि अलास्का या पाच राज्यांत राज्याचा सेल्स टॅक्स नाही, पण अलास्कात काही गावं स्वतःचा लावतात.

आता गोळा करण्याची गोष्ट. 1967 मध्ये बेलास हेस नावाच्या मिझुरीतल्या मेल ऑर्डर कंपनीची केस सुप्रीम कोर्टात गेली, आणि कोर्ट म्हणालं की ज्या राज्यात कंपनीचं दुकान नाही, माणूस नाही, त्या राज्याने तिला टॅक्स गोळा करायला लावू नये. मग 1992 मध्ये क्विलची केस. ही ऑफिसचं सामान विकणारी कंपनी, नॉर्थ डकोटात हिचे साधारण 3,000 ग्राहक, वर्षाची विक्री जवळपास 10 लाख डॉलर, पण तिथे ऑफिस नाही की कर्मचारी नाही, सगळं कॅटलॉग आणि फोनवर. कोर्टाने जुनाच नियम कायम ठेवला. प्रत्यक्ष हजेरी हवी.

आणि मग आलं इंटरनेट! गावातला दुकानदार भाडं भरणार, चार माणसांना पगार देणार, वर टॅक्सही घेणार, आणि लोक त्याच्याकडे येऊन वस्तू हाताळून, मापं बघून जाणार आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवणार कारण तिथे सहा-सात टक्के कमी. मला हा त्या दुकानदारावर सरळ सरळ अन्याय वाटतो आणि तो किती वर्षं चालला बघा. वेफेअर ही फर्निचरवाली कंपनी तर जाहिरातच करायची की आम्हाला सेल्स टॅक्स लावावा लागत नाही. ग्राहकाने तो भरायचा असतो हे कोण सांगणार?

शेवटी साउथ डकोटाने हे धसास लावलं. त्या राज्यात इन्कम टॅक्स नाही, सगळी भिस्त सेल्स टॅक्सवर, आणि ऑनलाइन विक्रीमुळे वर्षाला 4.8 ते 5.8 कोटी डॉलर बुडतात असा त्यांचा अंदाज होता. 2016 मध्ये त्यांनी कायदा केला की वर्षाला 1 लाख डॉलरच्या वर विक्री किंवा 200 ऑर्डर झाल्या की हजेरी असो नसो, टॅक्स गोळा करायचाच. वेफेअर वगैरे कंपन्यांनी ते मानलं नाही, केस सुप्रीम कोर्टात गेली, आणि 21 जून 2018 ला कोर्टाने पाच विरुद्ध चार असा राज्याच्या बाजूने निकाल दिला, क्विलचा नियम रद्द. न्यायमूर्ती केनेडींनी तो लिहिला.

मग आजही काही जण टॅक्स का लावत नाहीत? कारण ही मर्यादा, जी प्रत्येक राज्याची आपापली असते. समजा टेक्ससमध्ये राहणारी एखादी ताई घरून कुर्ते विकते. टेक्ससमधल्या गिऱ्हाइकाकडून तिने पहिल्या कुर्त्यापासून टॅक्स घ्यायचा. कॅलिफोर्नियात पाठवला तर नाही, कारण तिथली मर्यादा वर्षाला 5 लाख डॉलर आहे, तिची विक्री तेवढी कुठे. पण हाच कुर्ता तिने एट्सीवरून, म्हणजे अनेक विक्रेत्यांचा माल एकत्र विकणाऱ्या वेबसाइटवरून (मार्केटप्लेस), विकला तर कॅलिफोर्नियाच्या गिऱ्हाइकाला टॅक्स लागतो, कारण आता मार्केटप्लेस कंपनीनेच तो घ्यायचा असा कायदा झालाय. म्हणजे ताई तीच, कुर्ता तोच, गिऱ्हाईकही तेच, तरी बिल वेगळं! आणि विकणाऱ्यांनी हे नीट ऐका, माल दुसऱ्या राज्यातल्या गोदामात ठेवलात किंवा तिथल्या मराठी अधिवेशनाला जाऊन स्टॉल लावून विक्री केलीत तर ती साधारणपणे प्रत्यक्ष हजेरी धरतात, तिथे मर्यादेची सवलत गृहीत धरू नका.

वस्तूचाही फरक आहेच. न्यू जर्सीत कपड्यांवर टॅक्स नाही. न्यूयॉर्क शहरात 110 डॉलरच्या आतला कपडा माफ, त्याच्या वर गेला की पूर्ण किमतीवर 8.875 टक्के, म्हणजे 90 डॉलरच्या कुर्त्यावर शून्य आणि 200 डॉलरच्या कुर्त्यावर पावणेअठरा डॉलर. वेफेअर केसमध्ये विरोधात मत देणाऱ्या न्यायमूर्ती रॉबर्ट्सनी नेमकं हेच दाखवलं होतं, की इलिनॉयमध्ये ट्विक्स हे खाद्यपदार्थ आणि स्निकर्स ही कँडी, कारण ट्विक्समध्ये पीठ आहे, आणि दोन्हींवर टॅक्स वेगळा. सेल्स टॅक्स लावणाऱ्या अशा 10,000 च्या वर यंत्रणा देशात आहेत असं त्यांनी लिहिलंय.

माझं मत विचाराल तर निकाल बरोबर होता, गावातल्या दुकानदाराला तो फार उशिरा मिळाला. पण सगळ्या राज्यांसाठी एकच सोपी मर्यादा संसदेने ठरवायला हवी होती, ते अजून झालेलं नाही, आणि त्याचा त्रास मोठ्या कंपन्यांना होत नाही, त्यांच्याकडे सॉफ्टवेअर आहे, वकील आहेत, त्रास होतो तो मर्यादेच्या जरा वर गेलेल्या छोट्या विक्रेत्याला, ज्याला राज्याराज्यात नोंदणी आणि वेगवेगळे रिटर्न भरत बसावं लागतं.

आणि खरेदी करणाऱ्यांनो, न्यू जर्सी काय, कॅलिफोर्निया काय, राज्याच्या इन्कम टॅक्स फॉर्मवर यूज टॅक्सची एक ओळ असते. बिलं जपून ठेवा आणि यंदा ती ओळ भरा. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.